शास्त्री काय म्हणाला?

परवाच्या रविवारी माझ्या गळ्याशी वस्तरा होता, अर्ध्या तोंडाला फेस होता आणि दोन्ही हात त्या पांढऱ्या कापडाखाली अडकलेले होते. अशा अवस्थेत माणसाने तोंड उघडू नये. मी उघडलं.

सलूनमधल्या टीव्हीवर जुनी मॅच चालू होती. जुनी म्हणजे ‘ती’. २ एप्रिल २०११, श्रीलंकेविरुद्धची विश्वचषकाची फायनल. मला ती समोरच्या आरशात दिसत होती, त्यामुळे धोनी डावखुरा वाटत होता. डावखुऱ्या धोनीने बॅट फिरवली, चेंडू उलट्या दिशेला उडाला, आणि मी कुणीही विचारलेलं नसताना बोलून गेलो, “मी होतो तिथे.”

कात्रीचा आवाज थांबला. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने डोकं वळवलं, त्याच्या कारागिराने ते परत सरळ केलं. आणि मागच्या बाकड्यावरचा पेपर सावकाश खाली आला.

पेपरामागे पिशवीवाले काका होते. या काकांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही नाही. ते दर रविवारी दोन पेपर फुकट वाचायला येतात, येताना भाजीची पिशवी आणतात आणि ती बाकड्यावर अशी ठेवतात की एका गिऱ्हाइकाची जागा शेपू-मेथीने धरलेली असते. त्यांना कुणी काही म्हणत नाही. काही माणसं दुकानाच्या फर्निचरात धरली जातात.

“कुठे होतात?” काका म्हणाले.

“वानखेडेवर. त्या दिवशी.”

“आत?”

आता हा प्रश्न बघा. वानखेडेवर होतो म्हणजे काय, बाहेर चर्चगेटला उभा राहून आवाज ऐकत होतो? पण तोंडावर फेस असलेल्या माणसाला ताठ्याने बोलता येत नाही. “आत,” मी म्हटलं. “नॉर्थ स्टँडला.”

“तिकीट?”

“आमच्या साहेबांना आयत्या वेळी जमलं नाही, त्यांनी मला...”

“नाही नाही, तिकीट आहे का? दाखवायला?”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. तिकीट होतं. मी ते पाच वर्षं पाकिटात, मग बँकेच्या पासबुकात, मग एका डायरीत जपलं. २०१८ च्या दिवाळीत आमच्या घरी जी साफसफाई झाली तिच्यात ती डायरी रद्दीत गेली. बायकोला विचारलं तर म्हणाली, “त्यात काही लिहिलेलं नव्हतं.” नव्हतंच. तिकीट होतं. रद्दीवाल्याने त्या दिवशी सगळ्या रद्दीचे मिळून एकशे दहा रुपये दिले आणि त्याची आम्ही चकली-भाजणी आणली. विश्वचषक आम्ही अक्षरशः तळून खाल्ला.

हे सगळं काकांना सांगण्याजोगं नव्हतं. मी म्हटलं, “हरवलं.”

काकांनी सलूनभर नजर फिरवली. कोर्टात वकील साक्षीदाराचं उत्तर झाल्यावर न्यायाधीशांकडे बघतो, तशी. आमच्याकडे न्यायाधीश म्हणजे वस्तरा धरलेला दादा. तो काही बोलला नाही, फक्त माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली. आता मला फक्त छत दिसत होतं. उरलेली उलटतपासणी मी छताकडे बघत दिली.

“शेवटचा चेंडू कुणी टाकला?”

“कुलसेकराने.”

“षटक?”

“एकोणपन्नासावं. दुसरा चेंडू.”

“किती हव्या होत्या?”

“अकरा चेंडूंत चार.”

“समोर कोण?”

“युवराज.”

मला वाटलं, झालं. पेपर सोपा गेला. पण काका म्हणाले, “हे तर टीव्हीवर खाली लिहून येतं. आत्ता आलं होतं.” आणि आलं होतंच, माझ्या डाव्या कानाच्या वर, उलट्या अक्षरांत.

“बरं, जे टीव्हीवर नाही ते सांगतो,” मी म्हटलं. आणि खरंच सांगितलं. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला तेव्हा लोक चिडले होते, ओरडत होते. पण सचिन अठरावर गेला, मलिंगाला, मागे संगकाराच्या हातात, तेव्हा कुणी ओरडलं नाही. दोन बाद एकतीस. एवढं मोठं मैदान आणि मला शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. त्या माणसाने खाली वाकून बुटाची नाडी सोडली. मग बांधली. मग दुसऱ्या पायाची सोडली. मग बांधली. कोहली आणि गंभीर खेळत होते आणि हा गृहस्थ बराच वेळ नाड्याच बांधत होता. त्या मॅचचं माझ्यापाशी जे काही आहे त्यात सगळ्यात पक्कं हेच आहे. मलिंगाचा तो चेंडू कसा पडला हे मला विचाराल तर टीव्हीवर पुन्हापुन्हा बघून जेवढं कळलं तेवढंच सांगेन. पण त्या नाड्या पांढऱ्या होत्या आणि एकीचं टोक उसवलेलं होतं, हे मी झोपेतही सांगेन.

काका म्हणाले, “नाडी कुणीही बांधेल.”

हे उत्तर मला अजून पचलेलं नाही. मी ते घरी आणलंय आणि रोज जेवताना काढून बघतो. नाडी कुणीही बांधेल! म्हणजे न्याय असा: जे टीव्हीवर दिसलं ते सांगितलं तर टीव्हीवर बघितलं, आणि जे टीव्हीवर दिसलं नाही ते सांगितलं तर झालंच नाही.

“आणि षटकार?” शेजारच्या खुर्चीतून प्रश्न आला. आता डोकी वळवणाऱ्यांची संख्या वाढली होती. “षटकार कसा दिसला?”

माणसाने खोटं बोलावं असे आयुष्यात चार-पाच प्रसंग येतात. हा त्यातला एक होता. मी खरं बोललो.

“षटकार दिसला नाही.”

सगळे हसले. दादासुद्धा हसला, आणि वस्तरा धरलेला माणूस हसतो तेव्हा आपण हसायचं नसतं.

झालं होतं असं. माझ्या दोन रांगा पुढे एक धिप्पाड गृहस्थ तिरंगा घेऊन आला होता. साधासुधा नाही, डबल बेडच्या चादरीएवढा. दिवसभर त्याने तो मांडीवर घडी करून ठेवला होता, मला वाटलं किती समंजस माणूस. कुलसेकराने धाव घ्यायला सुरुवात केली आणि हा उठला आणि त्याने घडी उघडली. माझ्या डोळ्यांसमोर, मैदानाच्या जागी, हिरवा पट्टा. पूर्ण हिरवा. आता मला सांगा, कुठल्या तोंडाने ओरडणार? ‘ए, खाली कर तो’ असं राष्ट्रध्वजाला म्हणता येत नाही. हजारो माणसांच्या आवाजात म्हटलं तरी नेमकं तेवढंच ऐकू गेलं असतं. मी देशप्रेमाने गप्प बसलो. कापडापलीकडून बॅटचा आवाज आला की नाही तेही सांगता येत नाही. मग अचानक नाडीवाल्याने मला मिठी मारली. अशी मारली की माझा चष्मा त्याच्या खिशाच्या पेनात अडकला. भारत अठ्ठावीस वर्षांनी विश्वविजेता झाल्याचं मला एका घामेजल्या काखेने कळवलं.

हे मी काकांना सांगितलं. काका जरा नरमतील असं वाटलं होतं, कारण काखेपर्यंत कोण खोटं बोलतं? पण त्यांनी पेपराची घडी केली, पिशवीवर ठेवली, मेथी चेपली गेली तिकडेही लक्ष दिलं नाही, आणि हुकमी पत्ता टाकला.

“शास्त्री काय म्हणाला?”

“कोण शास्त्री?”

“रवी शास्त्री. षटकार बसल्यावर. कॉमेंटरीत. काय म्हणाला?”

“मला कसं ऐकू येणार?”

“का नाही ऐकू येणार?” काका म्हणाले. “साऱ्या जगाला ऐकू आलं! माझी आई नव्वद वर्षांची, कानाला ऐकू येत नाही, तिला ऐकू आलं! तुम्ही तर मैदानात होता म्हणता. शास्त्री तिथेच होता. तुमच्यापासून किती, पाचशे फूट?”

मी कापडाखाली हात जोडले की मुठी वळल्या, आता आठवत नाही. म्हटलं, “अहो काका, कॉमेंटरी मैदानात ऐकू येत नसते. ते काचेच्या खोलीत बसून माईकवर बोलतात. ते टीव्हीवाल्यांसाठी असतं.”

“म्हणजे तिथे जाऊन काही दिसलं नाही आणि काही ऐकूही आलं नाही.”

“तसं नाही...”

“मग गेलात कशाला?”

आणि तेवढ्यात तो पोरगा बोलला. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा बाजूचे केस बारीक आणि वरचे तसेच ठेवून घेत होता. त्याने छाती फुगवली, आवाज घोगरा केला आणि इंग्रजीत म्हणाला, “धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल! अ मॅग्निफिसंट स्ट्राइक इंटू द क्राउड!” पुढचंही म्हणाला. श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा शास्त्रीच्या जागांवर घेतला. सलूनमध्ये टाळ्या पडल्या. काका त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा! याला माहीत आहे.”

याचा जन्म २०१२ चा. मी विचारलं. त्याने सांगितलं. त्या रात्री जो पृथ्वीवर नव्हता त्याला माहीत आहे, आणि जो नॉर्थ स्टँडला दुपारपासून लघवी दाबून बसला होता तो खोटारडा.

मी बुडत्याने काडीला धरावं तसं जुन्या कप्तान वाडेकरांना धरलं. आमच्या बाबांमुळे मला ते प्रकरण पाठ आहे. २४ ऑगस्ट १९७१, ओव्हल. इंग्लंडमध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तो दिवस. गणेश चतुर्थी होती, आणि तिथल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. बाबा तेव्हा मिरजेत, शेजाऱ्यांच्या ओट्यावर, त्यांच्या रेडिओला कान लावून. बाबांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण चंद्रशेखरने दुसऱ्या डावात अडतीस धावांत सहा कसे काढले ते बाबा आजही चेंडूगणिक सांगतात, हात फिरवून दाखवतात, आणि मध्ये कधीतरी हत्तीण ओरडल्याचं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आई म्हणते खरखर असेल. बाबा म्हणतात खरखर वेगळी आणि हत्ती वेगळा. या विषयावर आमच्या घरात त्रेपन्न-चोपन्न वर्षं एकमत झालेलं नाही. पण ओव्हलवर न गेलेल्या बाबांना कुणी कधी तिकीट मागितलं नाही, एवढं मात्र खरं.

तर त्या सामन्यात शेवटच्या दिवशी कप्तान अजित वाडेकर सकाळीच धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले. अबिद अलीने चौकार मारून सामना जिंकून दिला तेव्हा वाडेकर झोपेत. इंग्लंडचा जुना फलंदाज केन बॅरिंग्टनने येऊन त्यांना उठवलं, की बाबा रे, जिंकलात.

हे मी सलूनला ऐकवलं. आणि म्हटलं, “खुद्द कप्तानाने विजयी फटका बघितला नाही. म्हणून काय तो तिथे नव्हता?”

क्षणभर शांतता. मला वाटलं, चौकार गेला.

“म्हणजे,” काका म्हणाले, “तुम्ही झोपला होतात.”

हा झेल इतका सोपा होता की तो मीच दिला होता, हे मला नंतर रिक्षात बसल्यावर कळलं.

विषयांतर होतंय, पण आमच्या घराण्यालाच हा शाप असावा. माझा नागपूरचा मामा ३१ ऑक्टोबर १९८७ ला तिथल्या मैदानात होता. विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक, चेतन शर्माची, न्यूझीलंडविरुद्ध, तिघेही त्रिफळाचीत. आणि त्याच सामन्यात गावस्करने वनडेतलं आपलं एकुलतं एक शतक ठोकलं, तेही अंगात ताप असताना. एका तिकिटात एवढं सगळं. मामाला काय आठवतं? की तिसऱ्या चेंडूच्या वेळी त्याची एक चप्पल पायऱ्यांच्या फटीतून खाली पडली होती आणि तो ती शोधत होता. नागपूरच्या उन्हात एका पायाने घरी गेला. पण मामा सुखी माणूस आहे, तो हे सांगतो आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसतो.

चेतन शर्माचं मला मात्र हसू येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ च्या एप्रिलमध्ये, शारजात, शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना पाकिस्तानच्या मियांदादने त्याला षटकार मारला. बस्स. माणसाची पाटी तेवढ्याने भरली. सलूनमध्ये मी ‘चेतन शर्मा’ एवढंच म्हणालो तर पिशवीवाले काका खुर्चीला धरून उभे राहिले. “त्याचं नाव काढू नका! फुलटॉस टाकला, फुलटॉस!” जणू चेतनने यांच्याकडून उसने पैसे नेले होते. मी म्हटलं, काका, पण नागपूरची हॅटट्रिक... तर म्हणे, “ती काय, न्यूझीलंडची शेपूट.” बघा. चाळीस वर्षं होत आली, एका चेंडूचा राग तसाच ताजा, आणि तीन चेंडूंची आठवण कुणालाच नको.

गंभीरचंही तेच. वानखेडेवर मी जे धडधडीत, मध्ये कुठलंही कापड न येता बघितलं, ते म्हणजे गंभीर. त्याने सूर मारला आणि उठला तेव्हा छातीपासून मांडीपर्यंत मातीने माखला होता. तीन धावांनी शतक हुकलं. त्या दिवशी आमच्या रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी त्याचं नाव होतं. आता ‘२०११’ म्हटलं की लोक हात गोल फिरवून धोनी दाखवतात. गंभीर स्वतः अधूनमधून जाहीरपणे चिडतो की एका षटकाराने विश्वचषक जिंकला नव्हता. लोक म्हणतात हा माणूस किती कडवट. मला आता त्याच्या कपाळावरच्या आठ्यांविषयी मनापासून आदर वाटतो. त्याने निदान सत्त्याण्णव केल्या होत्या. मी नुसता बसलो होतो, तरी मला एवढं लागलं.

आणि त्यात तो षटकार ज्या खुर्च्यांवर पडला, त्या खुर्च्यांचं स्मारक करायचं मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये ठरवलं. करा. खुर्चीचं जरूर स्मारक करा, खुर्चीने काय केलं होतं म्हणा. त्या रात्री बारानंतर आम्ही घोळक्यातून ढकलले जात स्टेशन गाठलं, शेवटच्या लोकलमध्ये एका पायावर उभं राहून डोंबिवलीला आलो, घशातून आवाज येत नव्हता, पुढे तीन दिवस ऑफिसात खुणांनी बोललो. याची नोंद कुठे? साहेबांना खुणेने सांगितलं की मॅच छान झाली, तर साहेब म्हणाले, “मी सगळी बघितली, घरी, एसीत. आणि तो शास्त्री काय बोलला रे!”

बघा, तेव्हासुद्धा. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं.

असो. सलूनमध्ये या सगळ्या गोंधळात दादाचं लक्ष टीव्ही, काका आणि तो पोरगा यांच्यात वाटलं गेलं आणि माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा बोटभर वर गेला. मी दाखवून दिलं. तर म्हणाला, “साहेब, आरशात उलटं दिसतं.” उलटं दिसतं, कमीजास्त दिसत नाही, हे मी त्याला सांगत होतो आणि काका दारातून पिशवी उचलताना म्हणत होते, “जाऊ दे रे, त्यांना दिसत नाही नीट.” पूर्ण पैसे दिले. सुटे नाहीत म्हणून वरचे दहा रुपये त्याने ठेवून घेतले, तेही दिले.

घरी येऊन बायकोला म्हटलं, “तुला तरी आठवतंय ना, मी २०११ ला वानखेडेवर गेलो होतो?”

ती म्हणाली, “हो का? मला वाटलं, तू ठाण्याच्या दादांकडे बघितलीस.”

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलवर तो षटकार एकवीस वेळा बघितला. आवाज कमी करून, कानात वायर घालून. शास्त्री नीट पाठ केला. श्वासाच्या जागांसकट. प्रेक्षकांत तो डबल बेडचा तिरंगा कुठे दिसतोय का तेही शोधलं. तिरंगे खूप आहेत. प्रत्येकामागे माझ्यासारखा एकेक बसला असेल.

आता गैरसोय एवढीच झालीय की काकांनी माझं नाव ‘वानखेडे’ ठेवलं. भाजीवाल्यासमोर, रिक्षा स्टँडवर, मोठ्याने, “काय वानखेडे, आज कुठे?” दूधवाल्याने ते उचललं. त्याच्याकडून सोसायटीत आलं. आमच्या बी विंगमध्ये खरे वानखेडे राहतात, अमरावतीकडचे, सज्जन कुटुंब. बुधवारी सकाळी नवा वॉचमन त्यांचं पार्सल घेऊन माझ्या दारात हजर.

“वानखेडेसाहेब, पार्सल.”

मी म्हटलं, मी वानखेडे नाही.

“सगळे तुम्हालाच म्हणतात.”

त्याच्याशी वाद घालायची ताकद नव्हती. म्हटलं, आण, मी पोचवतो. त्याने वही पुढे केली, मी सही केली. त्याने वही डोळ्यांजवळ नेली, सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“साहेब,” तो म्हणाला, “ही वानखेडे वाटत नाही.”